कॅन्व्हीचे चौघे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात ‘डॉ. फीलगुड’ या इंग्लिश बँडविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. लंडनच्या पूर्वेस, थेम्स नदी समुद्राला मिळते त्या भागातील कॅन्व्ही नावाच्या लहानशा बेटावरचे चार तरुण 1971 मध्ये एकत्र आले, पबमध्ये वाजवू लागले आणि पाच वर्षांनी त्यांची एक तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली, हा त्या मजकुराचा मुख्य सारांश होता. त्यावर आलेली पत्रे अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक निघाली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाच्या पत्रांचा एक प्रश्न केला आहे.

‘पब रॉक’ म्हणजे दारूच्या गुत्त्यात वाजवले जाणारे संगीत असे समजायचे का? मग त्याचा एवढा गौरव कशासाठी? (एक वाचक, कोल्हापूर)

गुत्ता हा शब्द येथे लागू पडत नाही आणि आपली परमिट रूमही डोळ्यांसमोर आणू नये. इंग्लंडमधला पब हा मोहल्ल्याचा बसायचा कट्टा असतो. कामावरून सुटलेला माणूस घरी जाण्याआधी तेथे टेकतो, शेजारीपाजारी भेटतात, आणि पुष्कळ पबमध्ये मागच्या बाजूला एक मोठी खोली असते, जिथे कधी बैठका भरतात, कधी गाणे-बजावणे होते. 1970 च्या सुमारास ब्रिटिश रॉक या खोल्यांतून उठून मोठ्या सभागृहांत गेले होते. गाणी वीस-वीस मिनिटांची झाली होती आणि सामान वाहायला ट्रक लागत होते. अशा वेळी, 1971 मध्ये, ‘एग्ज ओव्हर ईझी’ नावाचा एक अमेरिकन बँड उत्तर लंडनमधील केंटिश टाउनच्या ‘टॅली हो’ या पबमध्ये नियमित वाजवू लागला. त्या पबमध्ये तोवर जॅझ चालत असे. त्यांच्यामागून ब्रिन्झली श्वार्झ, बीज मेक हनी, डक्स डिलक्स, किलबर्न अँड द हाय रोड्स असे एकेक बँड या पबांच्या फेऱ्यांत आले. डॉ. फीलगुड 1973 नंतर लंडनच्या त्या वर्तुळात शिरले.

या बँडांची नावे एका दमात घेतली, तरी त्यांचे संगीत एकसारखे नव्हते. कोणी ‘कंट्री’ या अमेरिकन ग्रामीण संगीताकडे झुकलेला, कोणी कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीताकडे, कोणी जुन्या रॉक अँड रोलकडे. म्हणून माझ्या मते पब रॉक हे शैलीचे नाव नसून जागेचे नाव आहे, आणि त्या जागेचे स्वतःचे कायदे होते. छत ठेंगणे, ध्वनिवर्धक बेताचे, पहिल्या रांगेतला माणूस गायकापासून हातभर अंतरावर, आणि रात्री अकराला पब बंद. ऐकणारा मुळात बिअर प्यायला आलेला असतो. गाण्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याला धरले नाही, तर तो पाठ फिरवून काउंटरकडे वळतो आणि त्याच्या त्या पाठीकडे पाहतच पुढची अडीच मिनिटे वाजवावे लागते. तमाशाच्या फडातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. डॉ. फीलगुडची बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आसपास संपतात, त्यांत लांबलेली आलापी नाही, गिटारचे पल्लेदार एकल वादन नाही, याचे कारण त्या खोलीत शोधावे. गौरव करायचाच, तर या शिस्तीचा करावा.

लेखात आपण त्यांना ‘प्रादेशिक’ बँड म्हटले आहे. कॅन्व्ही लंडनपासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. मग हा प्रदेश वेगळा कसा? की ही केवळ जाहिरातबाजी? (एक वाचक, सातारा)

दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत.

कॅन्व्ही हे सतराव्या शतकात डच कारागिरांनी बांध घालून समुद्राकडून मिळवलेले बेट आहे. त्यांची अष्टकोनी घरे तेथे आजही उभी आहेत. भरतीच्या वेळी बेटाचा पुष्कळसा भाग पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राचे उधाण बांध फोडून आत आले आणि या एवढ्याशा बेटावर 58 माणसे दगावली. गिटारवादक विल्को जॉन्सन याचा जन्म 1947 मध्ये कॅन्व्हीवर झालेला. पुराच्या वेळी तो पाच वर्षांचा होता. बेटाच्या कडेला तेलाच्या टाक्या, पलीकडे शेल हेवन आणि कोरिटनचे तेलशुद्धीकरण कारखाने, आणि रात्रभर जळणाऱ्या त्यांच्या ज्वाला, असा तो मुलूख. लंडनचा माणूस तेथे उन्हाळ्यात एक दिवस समुद्राची हवा खायला यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. विल्कोने लिहिलेल्या ‘ऑल थ्रू द सिटी’ या गाण्यात पहाटे पेटलेले मनोरे दिसतात, ते कारखान्यांचेच आहेत. पहिल्या तबकडीचे ‘डाउन बाय द जेट्टी’ हे नावही त्याच गाण्यातून आले.

आता जाहिरातबाजीकडे येऊ. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडल्या, नदीकाठच्या सखल मुलखाला जसे ‘डेल्टा’ म्हणतात आणि तेथून ब्लूज हे संगीत आले, तसा हा आमचा ‘थेम्स डेल्टा’, अशी थट्टा ही मंडळी करीत असत, आणि वृत्तपत्रांना ती फारच आवडली. गायक ली ब्रिलो तर जन्माने कॅन्व्हीचाही नव्हे. त्याचा जन्म 1952 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, आणि ‘ब्रिलो’ हे आडनावही घेतलेले; भांडी घासायच्या ‘ब्रिलो’ नावाच्या तारेच्या घासणीसारखे केस, म्हणून ते पडले. मूळ आडनाव कॉलिन्सन. विल्कोनेही ‘जॉन विल्किन्सन’ हे आपले खरे नाव उलटे करून घेतले होते. बासवादक जॉन स्पार्क्स आणि ‘द बिग फिगर’ या नावाने ओळखला जाणारा ड्रमर जॉन मार्टिन हे उरलेले दोघे. बँडचे नाव त्यांनी उचलले ते जॉनी किड अँड द पायरेट्सनी गायलेल्या एका गाण्यावरून, आणि ते मूळ गाणे पियानो रेड या अमेरिकन कलावंताचे. थोडक्यात, नावापासूनच सोंग वठवायची हौस होती. मात्र ते सोंग आपल्याच गावात, आपल्याच चिखलात उभे राहून वठवलेले होते.

येथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. जहाजातून समुद्रापार नेलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूची जगातली पहिली खेप 1959 मध्ये ‘मिथेन पायोनियर’ या जहाजाने कॅन्व्हीला उतरवली. ती भरली होती अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, म्हणजे मिसिसिपी जिथे समुद्राला मिळते त्याच राज्यात. तेव्हा मिसिसिपीचा मुलूख ते कॅन्व्ही हा थट्टेतला मार्ग बँडच्या आधी गॅसने प्रत्यक्षात आणला होता.

मी गिटार शिकतो. विल्को जॉन्सन एकटाच ठेका आणि सूर दोन्ही वाजवतो असे आपण लिहिले आहे. चित्रफीत पाहिली, पण हात इतका वेगाने चालतो की काही कळत नाही. कृपया सविस्तर सांगावे. (एक विद्यार्थी, पुणे)

चित्रफितीचा वेग निम्मा करून फक्त उजवा हात पाहावा. त्यात पहिली गोष्ट लक्षात येईल ती ही की, हातात पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, नाही. विल्को मुळात डावखुरा होता, पण उजव्या हाताने वाजवायला शिकला. तारांवर तो बोटांची नखे वरून खाली झटकतो आणि परत येताना अंगठा किंवा बोट तारांना घासून जाते. पिकने एका वेळी एकच कड तारेवर पडते. येथे तीन-चार बोटे किंचित मागेपुढे पडतात, आणि म्हणून प्रत्येक फटकाऱ्याला चाबकासारखा कडाका येतो. कार्यक्रम संपेपर्यंत बोटे सोलवटून गिटारवर रक्ताचे ठिपके पडलेले अनेकांनी पाहिले आहेत.

आता डावा हात. तो गिटारच्या मानेवरून अंगठा वर आणून जाड तार त्या अंगठ्याने दाबतो, त्यामुळे उरलेली बोटे मोकळी राहतात. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, दाबलेली असतानाच त्यातले एखादे बोट उचलून किंवा सरकवून तो मधला छोटा सूर काढतो आणि पुन्हा कॉर्डवर येतो. गाणाऱ्याची ओळ संपली की तेवढ्या फटीत हा जबाब बसतो आणि ठेका मात्र क्षणभरही तुटत नाही. ढोलकीवाला ठेका धरूनच लावणीच्या ओळीला मध्येच बोलाने उत्तर देतो, तसलाच हा प्रकार आहे. पण आपण शिकणारे आहात म्हणून सांगतो, या वादनाची खरी किल्ली सुरांत नसून शांततेत आहे. दोन फटकाऱ्यांच्या मध्ये डाव्या हाताची पकड सैल होते, बोटे तारांवर नुसती टेकलेली राहतात आणि तारा चटकन मुक्या होतात. उजवा हात तरी चालूच असतो, पण ऐकू येते ती नुसती खरखर. ती खरखर आणि तो फटकारा यांची अदलाबदल म्हणजेच त्याची लय. ‘शी डज इट राइट’ हे गाणे लावून प्रथम फक्त मुक्या तारांवर हात चालवण्याचा सराव करावा. सूर महिन्याभराने आले तरी चालतील.

हे वादन त्याने आकाशातून आणलेले नाही. पायरेट्सचा गिटारवादक मिक ग्रीन हा त्याचा आदर्श होता, आणि एकाच गिटारवर साथ आणि एकल वादन दोन्ही करण्याची रीत ग्रीनची. ती अधिक कोरडी, अधिक धारदार करणे हे विल्कोचे काम. काळ्या रंगाची, लाल पट्टीची टेलिकास्टर गिटार, आणि टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळ्यांची केबल. ही केबल ताणली जाई आणि परत आखडे, म्हणून तो रंगमंचावर रुळावरून ढकलल्यासारखा सरळ पुढे येई आणि तसाच मागे जाई, डोळे वटारून, कधी गिटार बंदुकीसारखी प्रेक्षकांवर रोखून. त्याच्या शेजारी ब्रिलो, कधीकाळी पांढरा असलेला मळका कोट घालून, मायक्रोफोन मुठीत आवळून. सगळ्यांचे केस लांब असण्याच्या त्या काळात यांचे केस आखूड आणि अंगावर स्वस्तातले सूट होते. लग्नघरी वसुलीला आलेल्या माणसांसारखे ते दिसत.

‘डाउन बाय द जेट्टी’ ऐकले. आवाज दोन्ही कानांत एकसारखाच येतो. माझी प्रत सदोष आहे का? (एक वाचक, नागपूर)

नाही. माझीही पहिली समजूत तीच होती. मित्राने भरून दिलेली कॅसेट मी दोनदा त्याला परत केली होती आणि त्याने दोन्ही वेळा ती तशीच हसत परत आणून दिली.

जानेवारी 1975 मध्ये ही तबकडी निघाली तेव्हा स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज, हाच रिवाज होता. निर्माता विक मेल याने चौघांना स्टुडिओत जवळपास कार्यक्रमाप्रमाणे एकत्र वाजवायला लावून ध्वनिमुद्रण केले, आणि नंतर एकावर एक आवाजाचे थर चढवण्यास विल्कोचा विरोधच होता. एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला असताना डावे-उजवे वेगळे करण्यात मौज उरत नाही, म्हणून मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. मुखपृष्ठावरचे छायाचित्रही कृष्णधवल. पाहणाऱ्याला वाटावे, दहा वर्षांपूर्वीची तबकडी चुकून आज बाजारात आली. 2006 च्या विस्तारित आवृत्तीत स्टीरिओ मिश्रणही दिले आहे. ते उत्सुकतेपोटी ऐकावे आणि मग मोनोकडे परत यावे.

तबकडी विक्रीच्या यादीत वर चढली नाही, पण ती नेमक्या हातांत पडली. ब्लॉन्डी या बँडचा ड्रमर क्लेम बर्क याने ती लंडनहून न्यूयॉर्कला नेली आणि तिथल्या नव्या मंडळींना ऐकवली. लंडनमध्ये विल्कोला पाहून ‘द क्लॅश’च्या जो स्ट्रमरने टेलिकास्टर घेतली, आणि ‘द जॅम’च्या पॉल वेलरने तर आपल्यावरचा हा प्रभाव वारंवार बोलून दाखवला आहे. पुढे 1976-77 मध्ये जे उग्र, साधे रॉक ‘पंक’ म्हणून ओळखले गेले, त्याच्या आखूड गाण्यांची आणि आखूड केसांची उधारी येथे आहे.

पहिल्या क्रमांकावर पोहोचल्यानंतर सहा-सात महिन्यांत बँड फुटला असे आपण लिहिले. यश पचले नाही, एवढाच याचा अर्थ घ्यायचा का? (तीन पत्रे : मुंबई, बेळगाव, औरंगाबाद)

‘यश पचले नाही’ हे वाक्य कुठल्याही फुटलेल्या बँडविषयी म्हणता येते, म्हणून ते फारसे उपयोगाचे नाही. या प्रकरणात घडले ते असे.

पहिल्या तबकडीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मॅलप्रॅक्टिस’ निघाली आणि ती सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. सप्टेंबर 1976 मध्ये ‘स्टुपिडिटी’ आली. ती स्टुडिओत केलेली नव्हे, तर शेफील्ड सिटी हॉल आणि साउथएंडचे कुर्साल या सभागृहांतील 1975 च्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे होती. तीच पहिल्या क्रमांकावर गेली. या गोष्टीचा अर्थ बँडला त्याच वेळी उमगायला हवा होता, असे मला नेहमी वाटते. लोकांना यांचे ‘नवे’ काही नको होते. दर रात्री जे घडते तेच घरी न्यायचे होते. परंतु ध्वनिमुद्रण कंपनीला दर वर्षी नवी गाणी लागतात, आणि ती गाणी लिहिण्याचे जवळजवळ सगळे ओझे एकट्या विल्कोवर होते.

त्यात अमेरिकेचे दौरे सुरू झाले. तेथे मैलोन्‌मैल प्रवास, मोठमोठ्या बँडांच्या आधी वाजवायचे, आणि समोर यांना न ओळखणारे हजारो लोक. हातभर अंतरावरच्या माणसाला धरण्यासाठी तयार झालेली कला तेथे लांबून पाहावी लागत होती. एकोपाही विरत गेला. बाकीचे तिघे कार्यक्रमानंतर दारू पिऊन मोकळे होत. विल्को दारू पीत नसे, मात्र अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजक द्रव्याच्या गोळ्या घेई, आणि खोलीत एकटा बसून गाणी जुळवत राही. एकाच व्हॅनमध्ये बसणाऱ्या चार माणसांत दोन वेगवेगळ्या नशा असल्या की रात्रीची झोपण्याची वेळही जुळत नाही. हे वाक्य थट्टेने लिहिलेले नाही.

1977 मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ‘स्नीकिन सस्पिशन’ या चौथ्या तबकडीचे काम चालू असताना ठिणगी पडली. हार्मोनिकावादक ल्यू लुइस याचे ‘लकी सेव्हन’ हे गाणे घ्यावे असे इतरांचे म्हणणे, आणि ते घेऊ नये असे विल्कोचे. गाणे राहिले, विल्को गेला. आपण सोडून गेलो नाही, आपल्याला काढण्यात आले, असे तो पुढे सांगत असे. उरलेल्यांची बाजू वेगळी होती. तबकडी मे 1977 मध्ये बाहेर आली, दहाव्या क्रमांकापर्यंत गेली, आणि तोवर ती वाजवणारा बँड अस्तित्वात नव्हता.

मला दिसते ते असे की, एका गाण्यावरून चार बालपणीचे ओळखीचे लोक वेगळे होत नाहीत. खोलीत घडलेला बँड खोलीबाहेर नेला, तेव्हा खोलीने जे आपोआप सांभाळले होते (कोणी किती वेळ वाजवायचे, कोणी कोणाकडे पाहायचे, रात्री ए-13 रस्त्याने घरी परत जायचे) ते सांभाळायला कोणी उरले नाही.

स्टिफ रेकॉर्ड्स ही कंपनी या बँडच्या पैशांवर उभी राहिली हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

बँडच्या नव्हे, ली ब्रिलोच्या. त्याने 400 पौंड उसने दिले आणि डेव्ह रॉबिन्सन व जेक रिव्हिएरा यांनी 1976 मध्ये कंपनी सुरू केली. रिव्हिएरा त्याआधी डॉ. फीलगुडच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहत असे. एल्व्हिस कॉस्टेलो आणि इयन ड्युरी या गायकांच्या पहिल्या गाजलेल्या तबकड्या याच कंपनीने काढल्या.

आजही ‘डॉ. फीलगुड’ नावाने कार्यक्रम होतात, पण त्यात मूळ चौघांपैकी एकही नाही. ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय? (एक वाचक, नाशिक)

आपल्या पत्रातला राग समजतो, पण मी त्यात सहभागी होऊ शकत नाही.

विल्को गेल्यावर जिपी मेयो हा गिटारवादक आला, आणि त्याच्या काळातच, 1979 मध्ये, ‘मिल्क अँड अल्कोहोल’ हे गाणे नवव्या क्रमांकावर पोहोचले. या बँडचे सर्वांत गाजलेले एकल गाणे तेच. मेयो 1981 मध्ये गेला. पुढच्या वर्षी स्पार्क्स आणि बिग फिगर यांनीही निरोप घेतला. त्यानंतर ब्रिलो एकटा उरला आणि त्याने नवी माणसे घेऊन बारा वर्षे ओढले: कधी फ्रान्स, कधी स्कँडिनेव्हिया, कधी इंग्लंडातलेच लहान क्लब. तबकड्या विकल्या जात नव्हत्या, पण खोल्या भरत होत्या. या काळाविषयी लिहिणारे फार थोडे आहेत, आणि मला मात्र हाच भाग अधिक आदराचा वाटतो. पहिल्या क्रमांकावर असताना वाजवणे कोणालाही जमते.

1993 मध्ये ब्रिलोला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. जानेवारी 1994 मध्ये कॅन्व्हीवरच्या डॉ. फीलगुड म्यूझिक बारमध्ये त्याने शेवटचे कार्यक्रम केले, बसून गायला, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण ‘डाउन अ‍ॅट द डॉक्टर्स’ या नावाने निघाले. 7 एप्रिल 1994 रोजी तो गेला, वय 41. बँड पुढे चालावा ही त्याचीच इच्छा होती, असे त्याच्या साथीदारांनी सांगितले आहे, आणि 1995 मध्ये ड्रमर केव्हिन मॉरिस व बासवादक फिल मिचेल यांनी तो पुन्हा उभा केला. हे दोघे 1980 च्या दशकात ब्रिलोच्या साथीला वाजवलेले. मूळ चौघे एकत्र होते सहा वर्षे. त्यापुढची कितीतरी वर्षे यांची आहेत.

आपल्याकडे घराण्याच्या गायकीला संस्थापक हयात नसल्याचा दोष कोणी लावत नाही. बँड म्हणजे घराणे नव्हे, हे मान्य. परंतु हा बँड चेहऱ्यांच्या नव्हे, तर खोलीत रात्र उभी करण्याच्या कसबाच्या बळावर नावारूपाला आला होता, आणि ते कसब शिकवता येते. तिकिटावर कोण वाजवणार त्यांची नावे स्पष्ट छापलेली असतील, तर फसवणूक कसली? विल्को तेथे असेल या आशेने जो जाईल, त्याने आधी दोन मिनिटे चौकशी करावी.

विल्को जॉन्सनला असाध्य कर्करोग असूनही तो बरा झाला असे ऐकले. कितपत खरे? आणि तो भारतात येऊन गेला होता काय? (दोन पत्रे : रत्नागिरी, मडगाव)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. होय, बँडच्याही आधी. न्यूकॅसल विद्यापीठात इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर, त्यात जुनी इंग्रजी आणि आइसलँडच्या गाथा यांचा अभ्यास होता, तो त्या काळच्या अनेक तरुणांप्रमाणे जमिनीच्या मार्गाने भारतापर्यंत आला. परत गेल्यावर त्याने काही काळ शाळेत इंग्रजी शिकवले.

आजाराची हकिकत खरी आहे, मात्र ‘असाध्य’ हा शब्द जपून वापरायला हवा. जानेवारी 2013 मध्ये त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग असून शस्त्रक्रिया शक्य नाही, असे जाहीर झाले. केमोथेरपी न घेता त्याने निरोपाचे कार्यक्रम केले; आपल्याला आता अधिक जिवंत वाटते आहे, अशा आशयाचे तो मुलाखतींत बोलत होता. त्याच काळात ‘द हू’चा गायक रॉजर डॉल्ट्री याच्याबरोबर त्याने काही दिवसांत एक तबकडी केली, आणि मार्च 2014 मध्ये ती बाहेर येऊन तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतरही तो रंगमंचावर उडी मारत होता, हे एका चाहत्याच्या लक्षात आले. तो चाहता छायाचित्रकार होता आणि शल्यचिकित्सकही. त्याच्या आग्रहावरून केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा गाठ कमी आक्रमक प्रकारची असल्याचे दिसले. एप्रिल 2014 मध्ये सुमारे तीन किलोंची ती गाठ काढण्यात आली, आणि तिच्यासोबत स्वादुपिंड, प्लीहा व जठर-आतड्याचे काही भागही. म्हणजे हा चमत्कार नव्हता, पहिले निदान अपुरे होते. ऑक्टोबरमध्ये तो कर्करोगमुक्त असल्याचे त्याने सांगितले. त्यानंतर आठ वर्षे तो वाजवत राहिला आणि 21 नोव्हेंबर 2022 रोजी, 75 व्या वर्षी वारला.

डॉल्ट्रीबरोबरच्या त्या तबकडीचे नाव ‘गोइंग बॅक होम’. ते गाणे नवे नव्हते. विल्कोने ते आपला आदर्श असलेल्या मिक ग्रीनबरोबर मिळून लिहिले होते. ‘स्टुपिडिटी’च्या दुसऱ्या बाजूला, कॅन्व्हीपासून काही मैलांवरच्या साउथएंडच्या कार्यक्रमात, ते पहिलेच आहे. ज्यांनी कुठून सुरुवात करावी असे विचारले आहे, त्यांनी तेथून करावी. मोनो नव्हे, स्टीरिओ आहे. प्रत सदोष नाही.